शाळेचं गेट ते ओढ्याचा पूल : वातावरण प्रकल्पाच्या नोंदी

२३ जून २०२५, सोमवार

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. आज सातवीला वातावरणाचे थर काढून दाखवले. फळ्यावर पाच पट्टे, सगळे एकसारखे जाड, कारण नावं लिहायला तेवढीच जागा लागते. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, उष्मांबर, बाह्यांबर. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, एकावर एक पाच गोधड्या घातल्यासारखं हाय का?" मी घाईत हो म्हणालो. मधल्या सुट्टीत डबा खाताना ते "हो" टोचत राहिलं. सतरा वर्षं मी हीच आकृती काढतोय आणि ती प्रमाणात नाही हे एकदाही सांगितलेलं नाही.

म्हणून यंदाचा प्रकल्प हाच. वातावरण प्रमाणात काढायचं. कार्डशीटवर १ किलोमीटरला १ सेंटिमीटर धरलं तर बाह्यांबर सुरू व्हायलाच सहा मीटर लागतात, भिंत पुरत नाही. एक मुलगा म्हणाला, रस्त्यावर काढू. ठरलं: १ किलोमीटरला १ मीटर. शाळेचं गेट म्हणजे जमीन, तिथून मारुतीच्या देवळावरून ओढ्याच्या पुलाकडे जाणारा रस्ता म्हणजे वर. ही वही त्या कामाच्या नोंदींसाठी.

२८ जून, शनिवार

मिस्त्रीकडून ३० मीटरचा टेप मागून आणला. सकाळची शाळा सुटल्यावर मोजणी, सोबत अकरा पोरं.

पहिलाच घोळ: शून्य कुठे धरायचं? आमचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. म्हणजे आपल्या मापात समुद्र गेटच्या ६० सेंटिमीटर आत, शाळेच्या आवारात येतो. तिथे खडूने "समुद्र" लिहिलं. लातूर जिल्ह्यात समुद्र बघून पोरांना फार आनंद झाला.

पुढे: ८.८५ मीटरवर एव्हरेस्ट, हातपंपाच्या अलीकडे. १० ते १२ मीटरवर विमानं. १७ मीटरवर तपांबर संपलं. कुणाचा विश्वास बसेना. ढग, वीज, गारा, वावटळ, कमी दाबाचा पट्टा, टीव्हीवर हवामानाच्या बातमीत जे जे येतं ते सगळं गेटापासून सतरा पावलांच्या आत. ध्रुवांकडे तर आठच पावलं. विषुववृत्तापासून फार लांब नसल्यामुळे आपल्याकडे ते एवढं तरी आहे.

५० मीटरवर स्थितांबराची हद्द, पिंपळाच्या पाराला लागून. ८५ वर मध्यांबर संपतं, तिथे किराणा दुकान. १०० मीटरवर लाल रेघ मारली: इथून अवकाश सुरू झालं असं सोयीसाठी मानतात, कार्मान रेषा. दुकानदार म्हणाले, "म्हंजे मी अजून पृथ्वीवरच हाय ना गुर्जी?" १५ मीटरने वाचलात म्हटलं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० मीटरवर. रस्ता नेमका तिथेच ओढ्याच्या पुलावर येतो. ६०० च्या आसपास उष्मांबर संपून बाह्यांबर लागतं, ते पुलापलीकडे एका शेताच्या बांधावर. त्याला पक्की हद्दच नाही, म्हणून तिथे खूण केली नाही. शेतमालकाचा तसाही बांधावरून वाद चालू आहे.

मग पोरांना चेव चढला. टीव्हीवर ढगांचं चित्र पाठवणारा इन्सॅट उपग्रह कुठे? तो जवळपास ३६ हजार किलोमीटरवर, म्हणजे आपल्या मापात ३६ किलोमीटर, साधारण लातूर शहर. आणि चंद्र? ३८४ किलोमीटर. नकाशावर पश्चिमेकडे सरळ रेघ ओढली तर मुंबईच्या जवळपास. "चंद्र मुंबईला राहतो" हे दिवसभर चाललं.

८ जुलै, मंगळवार

आता हवेत काय काय आहे ते. मेणबत्तीचा प्रयोग करायचा नाही असं ठरवलंय. ताटलीत पाणी, त्यात पेटती मेणबत्ती, वर पेला. मेणबत्ती विझते, पाणी चढतं आणि आपण सांगतो की बघा, एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला. हे खोटं आहे. मेणबत्ती विझते तेव्हाही आतला बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतो. पेला ठेवताना आतली हवा गरम होऊन फुगलेली असते, बरीचशी बुडबुड्यांवाटे निसटते, आणि विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसते, म्हणून पाणी चढतं. मीही हे वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं.

त्याऐवजी गंज. ओलं लोखंड परीक्षानळीत घट्ट बसवायचं, नळी पाण्यात उपडी ठेवायची आणि वाट बघायची. लोखंड गंजताना फक्त ऑक्सिजन घेतं, बाकीच्या हवेला हात लावत नाही. किराणातून भांड्याची तारेची घासणी आणली. चार दिवस झाले, पाणी जागचं हललं नाही. घासणी चकाचक.

९ जुलै

अर्थात. घासणी स्टेनलेस स्टीलची होती. तिचा गुणच न गंजण्याचा.

१२ जुलै, शनिवार

फॅब्रिकेशनच्या दुकानातून लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस आणला. त्याला तेल होतं, ते साबणाने धुऊन काढलं, मग मिठाच्या पाण्यात बुडवून नळीत भरला. गुरुवारी ठेवलं होतं. आज १५ सेंटिमीटरच्या नळीत पाणी ३ सेंटिमीटर वर. २० टक्के! पुस्तकात २०.९५ आहे. पाणी तिथून पुढे चढत नाही, कारण घ्यायला ऑक्सिजन उरला नाही. उरलेल्या १२ सेंटिमीटरात नत्र, बाकीचं सगळं चिमूटभर.

तीन गटांपैकी एकाचं १७ टक्के आलं. त्यांचा कीस नीट धुतला गेला नव्हता. तरी तोही आकडा तक्त्यावर तसाच लिहायला लावला.

१९ जुलै, शनिवार

आजचा दिवस ज्वारीचा. दहा हजार दाण्यांत कोरडी हवा मांडायची. दहा हजार मोजत बसायला वेळ नाही, म्हणून हजार मोजले आणि दुकानाच्या काट्यावर वजन केलं, ३२ ग्रॅम भरलं. बाकीचं हिशेबाने.

नत्राचे ७८०८ दाणे, तसेच पांढरे ठेवले. ऑक्सिजनचे २०९५, कुंकवाच्या पाण्यात रंगवले. आरगॉनचे ९३, हळदीत. आणि कार्बन डायऑक्साइडचे ४, काजळ लावून काळे. निऑन, हेलियम, मिथेन वगैरेंच्या वाट्याला दहा हजारांत पुरता एक दाणाही येत नाही. त्यांच्यासाठी परात नाही, पोतं लागेल.

चार काळे दाणे सांभाळणं हेच सगळ्यात अवघड काम निघालं. दिवसभरात दोनदा हरवले. कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी ते तीनही पुरते नव्हते, दहा लाखांत २८० एवढंच प्रमाण होतं. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी रोज मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास होतं. आता ४२० च्या वर. एक मुलगा म्हणाला, "सर, एका दाण्यानं काय व्हायलंय?" त्याला म्हटलं, नत्र आणि ऑक्सिजन यांच्यातून जमिनीची उष्णता आरपार जाते. तिला अडवणारे दाणे त्या चारातले. पावणेतीनाचे सव्वाचार झाले म्हणजे अडवणारे एकदम दीडपट झाले, असा हिशेब लाव.

आरगॉनवर माझा जीव आहे. १८९४ पर्यंत तो कुणाला माहीतच नव्हता, आणि तो काय थोडाथोडका नाही, कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त आहे. इंग्लंडचे शास्त्रज्ञ रॅले यांच्या लक्षात आलं की हवेतून काढलेला नत्र रसायनांतून काढलेल्या नत्रापेक्षा किंचित जड भरतो. दोनशे भागांत जेमतेम एका भागाचा फरक. दुसऱ्या कुणी काट्याची चूक म्हणून सोडून दिलं असतं. यांनी सोडलं नाही, रसायनशास्त्रज्ञ रॅमझे यांना सोबत घेतलं आणि त्यातून आरगॉन निघाला. १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनाचं. हा आरगॉन आला कुठून, तर जवळपास सगळा दगडातून. खडकातल्या पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय सावकाश विघटत जातो आणि त्याचा आरगॉन होतो. दगडात अडकून राहिलेला असा आरगॉन मोजूनच आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाचं वय काढलं, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. विहीर खोदताना सुरुंग लावून फोडतो तोच दगड. पोरांनी परातीतला एक पिवळा दाणा उचलून फरशीवर ठेवला, बराच वेळ बघत राहिली.

नत्राचा विषय निघाल्यावर शेतकऱ्यांची लेकरं गप्प बसत नाहीत. एका चौरस मीटर जमिनीवर आमच्या गावच्या उंचीला साडेनऊ टनांहून जास्त हवा उभी आहे. त्यात सात टनांहून जास्त नत्र. आणि बाप युरियाच्या ४५ किलोच्या गोणीसाठी रांगेत, ज्यात नत्र भरतो वीस किलोच्या आसपास. कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की पिकाला ते सुटत नाहीत. सोयाबीनला मात्र सुटतात. खरं तर सोयाबीनला नाही, तिच्या मुळावरच्या गाठीत राहणाऱ्या जिवाणूंना. शाळेमागच्या रानातून एक रोप उपटून आणलं, गाठ नखाने फोडली, आतून गुलाबीसर निघाली. म्हणजे काम चालू आहे.

संध्याकाळी परात झाकून ठेवताना लक्षात आलं की यात वाफ नाहीच. पुस्तकातला वर्तुळालेख कोरड्या हवेचा असतो, कारण वाफेचं प्रमाण ठरलेलं नसतं. पण आम्ही राहतो मराठवाड्यात. आमचं सगळं जगणं ज्या वायूवर, तोच यादीत नाही.

२१ जुलै, सोमवार

वाफेसाठी साबुदाणा घेतला. मे महिन्यातल्या रखरखीत दुपारी दहा हजार दाण्यांमागे शंभराच्या आसपास साबुदाणे, आणि आत्ता, श्रावण तोंडावर असताना, अडीचशे ते तीनशे. दोन वाट्या भरून परातीच्या दोन बाजूंना ठेवल्या. उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची हवा. बाकी काही बदलत नाही, फरक एवढ्या एका वाटीचा.

दुसरी गोष्ट सांगितली ती मुलांना पटली नाही. ओली हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याचा रेणू १८, नत्राचा २८. जड दाणा जाऊन हलका आला. "मग पावसाआधी जड जड का वाटतं?" घाम वाळत नाही म्हणून. हे उत्तर बरोबर आहे, पण कुणाच्याही चेहऱ्यावर समाधान दिसलं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आज वर्ग विहिरीवर भरला. आठवीतल्या एका मुलाचे वडील मोटारी दुरुस्त करतात. त्यांना विचारलं, विहिरीवरची मोटार वर काठावर न ठेवता खाली का सोडता? ते म्हणाले, "पाणी पंचवीस फुटांच्या खाली गेलं की मोटार उचलत न्हाई. मग मोटार पाण्याकडं न्यायची." किती एचपीची असली तरी? "धाची आना नाहीतर पंधराची. ढकलायला लागल तेवढं ढकलल, पन ओढायला न्हाई."

याच वाक्यापाशी साडेतीन-चारशे वर्षांपूर्वी इटलीतले विहीरवाले अडले होते. ओढीचा पंप १० मीटरच्या वर पाणी चढवत नाही, हे गॅलिलिओच्या कानावर गेलेलं. त्याच्या मागून तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला, पाण्याच्या साडेतेरापट जड, आणि काचेच्या नळीत तो ७६ सेंटिमीटरवर थांबलेला बघितला. साल साधारण १६४३-४४. पंप पाणी ओढतच नाही. तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाबून त्याला वर चढवते. तिच्या अंगात जेवढा जोर तेवढंच पाणी चढणार. समुद्रकाठी ३४ फूट, आमच्याकडे उंचीमुळे ३२ च्या आतबाहेर, आणि फुटव्हॉल्व्हची गळती, पाइपाची वाकणं, घर्षण यात कमी होत होत हातात येतात ते पंचवीस.

मेकॅनिक दादांना हे ऐकून नवल वाटलं नाही, उलट त्यांनीच एक सांगितलं. जॉइंटला केसाएवढी फट असली तरी मोटार हवा धरते, आणि मग कितीही वेळ चालवा, पाणी येत नाही. म्हणून आधी वरून पाणी भरायचं, मगच बटण दाबायचं. पोरं म्हणाली, म्हणजे हवा बाहेरून दाबायच्या ऐवजी आतच शिरली. बरोबर. बोअरची मोटार पाण्यात बुडवून का सोडतात तेही मग सांगावं लागलं नाही. पाचशे फुटांवरून ओढणं कुणाच्या बापाला शक्य नाही, तिथून फक्त ढकलायचं.

वातावरणाचं वजन मी इतकी वर्षं "एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो" असं सांगत आलो, आणि पोरं ते पाठ करत आली. आज ती विहिरीच्या काठावर ओणवी होऊन पाइपाकडे बघत होती.

१० ऑगस्ट, रविवार, छत्रपती संभाजीनगर

राखीला ताईकडे आलोय. माझ्या फोनमध्ये हवेचा दाब मोजायची सोय आहे, भाच्याच्याही फोनमध्ये निघाली. मग देवगिरीवर जायचं ठरलं. दाजींचे गुडघे दुखतात, त्यांनी खालीच थांबायचं.

हा प्रयोग फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचा. तोरिचेल्लीची नळी डोंगरावर नेली तर वर हवा कमी, म्हणजे पारा उतरायला हवा. पास्कालने आपल्या मेव्हण्याला, पेरिए यांना, तो करायला सांगितला. १९ सप्टेंबर १६४८ ला ते प्यूय द दोम या डोंगरावर चढले आणि पारा आठ सेंटिमीटरच्या आसपास उतरला. मला आवडतं ते वेगळंच. खाली गावातल्या मठाच्या बागेत दुसरी नळी ठेवून एका पाद्रीबुवांना दिवसभर तिच्याकडे बघत बसवलं होतं, दाब हवामानामुळे आपोआप तर बदलत नाही ना, हे बघायला. त्यांची नळी दिवसभर हलली नाही. आमचे पाद्रीबुवा म्हणजे दाजी. मेव्हण्याची कामगिरी मेव्हण्यावरच, फक्त जागा उलटी.

पायथ्याशी सकाळी १० वाजता ९३७.४ मिलिबार. अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातून, चढताना वटवाघळांच्या वासाने भाचा वैतागला. बारादरीपाशी साडेअकराला ९१८.६. त्याच वेळी खाली दाजींच्या कागदावर ९३६.८. फरक १८.२. या उंचीवर एका मिलिबारला साधारण साडेनऊ मीटर धरले तर १७० मीटर चढलो. पाय त्याहून जास्त सांगत होते.

गंमत खाली आल्यावर. दाजींनी कणीस खात खात दर अर्ध्या तासाला नोंद केली होती आणि त्यांचे आकडे सारखे उतरत गेलेले: ९३७.४, ९३७.२, ९३७.०, ९३६.८ आणि दीड वाजता ९३५.३. आभाळ तसंच, वारा तसाच. दाजींना वाटलं फोन बिघडला. फोन ठीक होता. उष्ण कटिबंधात हवेला रोज दोनदा भरती-ओहोटी येते, सकाळी दहाच्या सुमाराला भरती, दुपारी चारला ओहोटी, पुन्हा रात्री तसंच. सूर्य वरच्या थरातला ओझोन आणि खालची वाफ तापवतो त्याचे हे हेलकावे. फ्रान्समध्ये ते इतके बारीक की पाद्रीबुवांना दिसायचं कारण नव्हतं. आमच्या दाजींना दिसले. ताईने जेवायला बसल्यावर तीनदा ते ऐकलं.

२० ऑगस्ट, बुधवार

रस्त्याच्या कडेला पाट्या रोवल्या. लोखंडी पट्टीचे खांब, वर पत्रा, ऑइलपेंट. प्रत्येकावर तापमान. यातच वर्गाचं भांडण झालं, कारण तापमान सरळ उतरत जात नाही. गेटपाशी ३०, मग किलोमीटरला साडेसहा अंश उतरत १७ मीटरच्या पाटीवर उणे ८०. तिथून उलट चढायला लागतं आणि पाराजवळच्या ५० च्या पाटीवर शून्याच्या आसपास. पुन्हा उतरून किराणा दुकानापाशी उणे ९०, सगळ्यात गार जागा. (दुकानदारांनी थंड पेयांच्या फ्रिजवर तसं लिहून घेतलं.) त्याच्या पुढे हजार अंशांच्याही वर. पण तिथे कण इतके विरळ की थर्मामीटर धरला तर तो गारठेल. हे समजावायला अर्धा तास गेला, आणि मलाही दरवेळी थोडं अवघडच जातं.

मध्येच चढायचं कारण ओझोन. पंचविसाव्या मीटरच्या आजूबाजूला तो दाट आहे, आणि सूर्याचे अतिनील किरण तो स्वतः खातो, त्याने तापतो. खालचा थर जमिनीकडून तापतो, म्हणून तिथे तळ गरम. हा वरून तापतो, म्हणून याचा माथा गरम. गरम हवा वर असली की ढवळाढवळ होत नाही, सगळं स्थिर, म्हणून नाव स्थितांबर. आणि जिथे उतरणं थांबतं ती तपस्तब्धी. हे शब्द ज्याने घडवले त्याला कान होता. पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा मोजणाराच दचकला. फ्रान्सचा तेसराँ द बोर, त्याने दोनशेहून जास्त फुगे सोडले, ऊन लागून उपकरण तापत असेल या शंकेने रात्रीही सोडले, आणि १९०२ मध्ये जाहीर केलं की वर थंडी थांबते.

४२ मीटरवर एक जादा पाटी लावली आहे: "हैदराबादचा फुगा". टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्रातून पातळ पॉलिथिनचे प्रचंड फुगे इथपर्यंत जातात. उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात, विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात कुठेही, आणि सापडली तर हात लावू नका असं आवाहन येतं. सोलापूर म्हणजे आमचा शेजार. त्या दिवसापासून पोरं वर बघत चालायला लागलीत. याच फुग्यातून २००५ मध्ये २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोठवून आणली होती. जयंत नारळीकर त्या प्रयोगाच्या मुळाशी होते. त्या हवेत जिवाणू निघाले, त्यातल्या तीन जाती नव्या. एकीचं नाव इस्रोवरून, एकीचं आर्यभटावरून, एकीचं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलवरून. नारळीकर सर २० मे ला गेले. पाटीच्या मागच्या बाजूला मुलींनी आपणहून त्यांचं नाव लिहिलं.

७ सप्टेंबर, रविवार, रात्र

खग्रास चंद्रग्रहण. आभाळ दिवसभर बंद, मी आशा सोडलेली. साडेदहाला पश्चिमेकडून फट पडली. शाळेच्या गच्चीवर सतरा पोरं, चार बाया, दोन म्हातारे. एका आजीने पाण्याच्या बाटलीत तुळशीचं पान टाकून आणलं होतं, आम्हालाही दिलं, आम्ही घेतलं.

अकराला चंद्र पूर्ण झाकला. आणि गडप झाला नाही, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा लाल राहिला. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत. उजेड यायला वाट एकच, पृथ्वीच्या कडेच्या हवेतून. निळा रंग त्या वाटेत विखरून जातो, लाल वाकून पलीकडे पोचतो. पोरांना म्हटलं, रस्त्यावरचे ते सतरा मीटर आठवा. पृथ्वी आपल्या मापात पावणेतेरा किलोमीटरचा गोळा, तिच्याभोवती सतरा पावलांची किनार, आणि तिच्यातून गाळून गेलेला उजेड मुंबईवर पडलाय. जगातले सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त एकदम.

सावली सरकताना कडेला निळसर झाक येते, ती ओझोनची असते. तो तांबडा रंग थोडा खातो. तीन-चार जणांना दिसली. मला नाही, माझा चष्मा जुना झालाय. साडेअकराला पुन्हा ढग.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर गावाला रस्त्याने फिरवलं. माहिती सातवी-आठवीने दिली. सरपंच, बचत गटाच्या बायका, बरीच गर्दी. सगळ्यांचा एकच प्रश्न: "एवढंच?" सतरा मीटरच्या पाटीशी बहुतेक थांबत होते, मागे गेटाकडे बघत होते आणि पुन्हा "एवढंच?".

त्या मागच्या बाकावरच्या मुलीने गेटजवळ स्वतःची एक बुटकी पाटी लावली होती, दोन मीटरवर: "निम्मी वाफ इथपर्यंतच." मी सांगितलं होतं खरं, पण पाटीचं तिला सुचलं. आभाळातलं निम्मं पाणी दोन पावलांत. तिच्या आजोबांनी ती पाटी वाचली आणि काही बोलले नाहीत.

२४ सप्टेंबर, बुधवार

रविवारपासून पाऊस. शाळा उघडी, पोरं नाहीत. पुलावर पाणी.

२८ सप्टेंबर, रविवार

काल रात्री बाटलीच्या पर्जन्यमापकात ११८ मिलिमीटर. ६५ झाला की सरकारी भाषेत अतिवृष्टी. सोयाबीन काढणीला आलेलं, गाठी-बिठी सगळं पाण्याखाली. परवापर्यंत मुळं उपटून दाखवलेलं रान आज तळं झालंय. नोंदी लिहायची इच्छा नव्हती, पण दुपारी ती मुलगी छत्री घेऊन घरी आली.

तिचा प्रश्न असा. "सर, तुम्ही म्हणालात आपल्या डोक्यावरची सगळी वाफ पाणी करून खाली आणली तर पावसाळ्यात पाच-सहा सेंटिमीटर भरती. मग एका रात्रीत बारा सेंटिमीटर कुठून आलं?"

तीन महिन्यांतला हा सगळ्यात चांगला प्रश्न. पाच-सहा सेंटिमीटर बरोबर आहे, जगाची सरासरी तर अडीचच. पण ती साठवण नाही, वाहतं पाणी आहे. विहिरीत दहा फूट पाणी असलं तरी दिवसभर मोटार चालते, कारण झरे भरत राहतात. कमी दाबाचं क्षेत्र म्हणजे आभाळातली मोटार: चहूबाजूंची ओली हवा आत खेचते, म्हणजे खरं तर बाहेरची हवाच तिला आत ढकलते, वर चढवते, थंड करते, रिकामी करते, आणि मागून बंगालच्या उपसागरावरची पुढची येतच असते. एक वाफ सरासरी आठ-दहा दिवस हवेत राहते. काल आपल्यावर जे पडलं ते मागच्या आठवड्यात कुठल्या तरी समुद्रात होतं. तिने विचारलं, मग आपल्या वाटीतले तीनशे साबुदाणे रात्रीतून किती वेळा बदलले असतील? दोनदा तर नक्की, म्हणालो.

जाताना म्हणाली, पाणी तीनशे दहापर्यंत आलं होतं. मला आधी कळेना. गावात सगळे तसंच सांगताहेत म्हणे: पहाटे तीनला पाणी साडेतीनशेच्या खुणेवर, पाचला तीनशे दहाला, तिथून ओसरायला लागलं. रस्त्यावर दर दहा मीटरला ऑइलपेंटने आकडे आम्हीच टाकले होते. पूर कुठवर आला ते सांगायला गावाकडे पहिल्यांदाच माप होतं, आणि पंचनाम्याला आलेल्यांना लोकांनी तेच आकडे दाखवले.

अंतराळ स्थानकाची पाटी खांबासकट वाहून गेली. पुलाखालच्या उसात अडकलेली दिसते, असं दुकानदार सांगत होते. पाणी उतरलं की दोघं जाऊन आणणार आहेत.